कोरीव देव्हाऱ्याला खोबरेल नको

कोल्हापुरातल्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांचा सागवानी देव्हारा असला, की दर दिवाळीला त्याला खोबरेल किंवा गोडेतेल चोपडतात. तेल मुरलं की लाकूड टिकतं, कीड लागत नाही, हा समज चुकीचा आहे.

ही तेलं वाळून घट्ट होत नाहीत. नक्षीच्या खाचांत ती ओलीच राहतात. त्यावर उदबत्तीची काजळी आणि धूळ बसून काळा, चिकट थर होतो. बारीक पाकळ्या बुजतात, तेल खवट होतं. भुंग्याची अळी तर लाकडाच्या आत असते. बाहेरच्या तेलाने तिला काय होणार? भोकांतून ताजी भुकटी पडत असेल तर कीडनाशक उपचारच हवा.

थर काढायला मऊ ब्रश, मग कापसावर थोडं टर्पेंटाइन. आधी मागच्या बाजूला तपासा. रंगकाम असेल तर हात लावू नका. नंतर बाजारात तयार मिळणारं उकळलेलं जवसतेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल) आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, अगदी पातळ हात. १५-२० मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, नाहीतर तेही चिकटतं. पावसाळ्यात हे काम नको. जवसतेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा.