आजारी शॅमेलिऑनला आषाढात ऊन कुठून आणायचं?

कुडाळला माझ्या भाच्याकडे एक शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा, लांब जिभेचा सरडा, आहे. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगरी भागातल्या जातीचा, डोक्यावर उंच तुरा असलेला, रीतसर नोंदणी केलेला. जुलैत एका सकाळी त्याने रातकिड्यावर जीभ फेकली. नेम बरोबर लागला, रातकिडा चिकटला, पण जीभ आत जाईना. काही क्षण ती नुसती लोंबत राहिली, मग कशीबशी ओढली गेली. भाच्याला वाटलं, म्हातारा झाला असेल. वय होतं अडीच वर्षं.

या जिभेची रचना समजली की आजाराचा पहिला धागा हाती येतो. बाहेर फेकताना ती धनुष्यासारखी काम करते: स्नायू आधी लवचीक ऊती ताणून ठेवतो आणि मग ताण एकदम सुटतो. परत ओढताना मात्र सगळी मेहनत स्नायूचीच. २०१० साली क्रिस्टोफर अँडरसन आणि स्टीफन डेबान यांनी याच जातीवर प्रयोग केले. तापमान २५ वरून १५ अंश सेल्सिअसवर आणलं, तेव्हा जीभ फेकण्याची क्षमता १० ते १९ टक्क्यांनीच घटली, ओढून घेण्याची मात्र ४२ टक्क्यांहून अधिक. म्हणजे स्नायू थकला की पहिली लंगडते ती परतीची वाट. कुडाळात थंडी नव्हती. कमी पडलं होतं कॅल्शियम, आणि कॅल्शियमशिवाय स्नायू नीट आकसत नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर आपल्याकडे विरळच. पोरगा त्याला हवेशीर डब्यात, वर काळं फडकं टाकून घाटावर घेऊन गेला. अंधारात हे प्राणी शांत राहतात. एक्स-रेत हाडं काचेसारखी फिकट दिसली, एका मांडीत जुना मोड होता. रक्तातलं कॅल्शियम घटलं की गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून उसनं काढतात, आणि हे उसनं कधी फिटलंच नाही तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो. शिवाय जबड्याच्या कडेला जंतुसंसर्ग सुरू झाला होता. तोंडावाटे कॅल्शियमचं औषध, प्रतिजैविकाची इंजेक्शनं आणि नवा दिवा, एवढं लिहून मिळालं.

कॅल्शियमची भुकटी तर पोरगा रोज किड्यांवर भुरभुरत होता. मग गेलं कुठे? आतड्यातून कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार व्हायला सूर्यप्रकाशातले यूव्हीबी किरण लागतात, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे. आषाढातल्या ढगांखाली हे किरण आधीच कमी होतात. त्यात पिंजरा होता बंद खिडकीशी, आणि खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवते. वरचा खास दिवा लखलखीत दिसत होता, पण तो सव्वा वर्ष जुना. असे दिवे उजेड देत राहतात, त्यांच्यातला यूव्हीबी मात्र त्याआधीच मंदावतो. आपल्या डोळ्यांना ते कळायची सोय नाही. म्हणून दिवा लावल्याची तारीख त्यावर चिकटवून ठेवावी आणि सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा. २००९ साली मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व कमी होतं ते प्राणी आपणहून यूव्हीबीखाली जास्त वेळ बसत. शरीराला काय हवं ते त्यांना उमगतं. आपण ते पिंजऱ्यात ठेवायला हवं, एवढंच.

आता औषधाबद्दल, कारण इथेच बहुतेक घरं चुकतात. इंजेक्शन दिलं, काम झालं, असं वाटतं. पण हा प्राणी आपलं अंग स्वतः तापवू शकत नाही. औषध रक्तात किती वेगाने पसरणार, पांढऱ्या पेशी किती जोमाने लढणार, पोटातला किडा पचणार की कुजणार, हे सगळं बाहेरच्या उबेवर ठरतं. मिशिगन विद्यापीठातले मॅथ्यू क्लुगर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४-७५ मध्ये वाळवंटी इग्वानांना रोगजंतू टोचले. त्या सरड्यांनी उबदार जागा गाठून स्वतःचा ताप दोनेक अंशांनी वाढवला. ज्यांना कमी तापमानात ठेवलं त्यांच्यातले कितीतरी जास्त मेले. ताप अंगातून येत नसेल तर तो उन्हातून घ्यायचा, ही त्यांची रीत.

कोकणातला पावसाळा आपल्याला गार वाटत नाही, पण दिवसभरच्या २६-२७ अंशांत या जातीचं भागत नाही. तिला फांदीच्या एका टोकाला ३० च्या वर ऊब हवी आणि दुसऱ्या टोकाला सावली, म्हणजे हवं तसं सरकता येतं. आमच्याकडे पावसात लाइट जाणं नित्याचंच. भाच्याने उबेचा बल्ब इन्व्हर्टरवर घेतला आणि टीव्ही त्यावरून काढला. माझ्या मते त्या महिन्यातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय.

पाणी हा वेगळा विषय. वाटीतलं साचलेलं पाणी हे प्राणी सहसा पीतच नाहीत, पानांवरून ओघळणारे थेंब चाटतात. जास्वंदीची कुंडी आत ठेवून वरून थेंब थेंब पाणी सोडावं. विष्ठेसोबतचा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक, पिवळा-नारिंगी झाला किंवा डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतंय. पातळ औषध ओठांच्या कडेने थेंबाथेंबाने द्यावं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडतं, पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जातं. आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो.

बाहेरून पकडलेले किडे देऊ नयेत. भातावर फवारणी झालेली असते. मृगाच्या आसपास चमकणारे काजवे तर नकोतच: अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांत हृदयावर घात करणारी विषं असतात आणि ती खाऊन पाळीव सरडे मेलेले आहेत.

आपल्या रानातला घोयरा मात्र पाळायचा नाही. तोही शॅमेलिऑनच, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित. रस्त्यावर जखमी दिसला तर खोक्यात सावलीत ठेवून वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं. घरी औषध करत बसू नये.

ऑगस्टच्या मध्यावर एकदाचं लख्ख ऊन पडलं. भाच्याने फांदीसकट त्याला खळ्यात आणलं. त्याने अंग चपटं करून उन्हाकडे फिरवलं. आधी काळपट झाला, कारण गडद रंग ऊब लवकर शोषतो, आणि वीसेक मिनिटांत पुन्हा हिरवा. मग स्वयंपाकघरातला काटा बाहेर आला. सोमवारी ९१ ग्रॅम होता, आज ९४.