चुंबक चिकटला नाही म्हणजे पितळ अस्सल?

फ्लॅटला जुन्या वाड्याचा बाज देताना हा सल्ला हमखास मिळतो: चुंबक चिकटला नाही, तर वस्तू पितळेचीच.

चुंबकाने कळतं ते मुख्यतः लोखंड. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही तो चिकटत नाही. वर पिवळा मुलामा असला की डोळ्यांनी फरक ओळखणं कठीण. उलट सांगली-साताऱ्याकडच्या वाड्यातून निघालेल्या अस्सल पितळी कडीत लोखंडी स्क्रू असेल, तर तिथे चुंबक चिकटतो आणि चांगली वस्तू नाकारली जाते. हे नुकसान जास्त वाईट.

विक्रेत्याला विचारून तळाशी कानशीने बारीक ओरखडा काढा. आतही पिवळं असेल तर पितळ. पांढरट-राखाडी निघालं तर मुलामा.

ओरखडा नको असेल, तर वस्तू आधी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. वस्तू दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. पहिल्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागा: ८५० ग्रॅमची कडी १०० दाखवत असेल तर ८.५. पितळ साधारण ८.४ ते ८.७, जस्ताचा मिश्रधातू ६.६ च्या आसपास, ॲल्युमिनियम २.७. पोकळ समईत हवा अडकली तर भागाकार फसवा कमी येतो; ती तिरकी करून बुडबुडे काढा.