वेव्हडॅश आला कुठून?

निन्टेन्डोच्या स्मॅश ब्रदर्स मेली या फायटिंग गेमची मॅच पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो की ही कॅरेक्टर्स पळायचं सोडून उभ्या उभ्या घसरतात कशी. तोच वेव्हडॅश. बरेच जण अजूनही त्याला बग म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण गेमचे नियम जसे लिहिलेत तसेच चालले की तो आपोआप होतो.

मेली आला २००१ च्या शेवटी, निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलवर. १९९९ च्या पहिल्या स्मॅशमध्ये एअर डॉज नव्हताच, तो इथे आला, म्हणजे हवेत असताना एल किंवा आर बटण दाबलं की थोडा वेळ मार लागत नाही आणि स्टिक जिकडे धरलीये तिकडे झटका बसतो. आता पाय जमिनीवरून सुटतायत तोच स्टिक तिरकी खाली धरून डॉज केला तर लगेच जमीन लागते, डॉज संपतो पण वेग संपत नाही, म्हणून कॅरेक्टर उभ्यानेच सरकतं. गेम सेकंदाला ६० फ्रेम्सने चालतो, लँडिंगला जातात १०, फॉक्स या कॅरेक्टरला उडी घ्यायला ३, म्हणजे त्याचं सगळं पाव सेकंदाच्या आत उरकतं, बाउझरला मात्र उडीलाच ८ लागतात. लुइजीच्या पायांना ग्रिपच नाही, त्यामुळे तो सर्रकन लांब जातो आणि एरवी सुस्त वाटणारं हे कॅरेक्टर एकदम डोकेदुखी होऊन बसतं.

फायदा काय, तर सरकून झालं की तुम्ही उभेच असता, त्यामुळे कुठलाही अटॅक लगेच मारता येतो, आणि तोंड समोरच्याकडे ठेवून मागेही जाता येतं, जे पळताना जमत नाही. फॉक्सच्या शाइनमधून, म्हणजे अंगाभोवती क्षणभर चमकणाऱ्या त्याच्या खास मूव्हमधून, उडी मारून बाहेर पडता येतं, मग शाइन, वेव्हडॅश, परत शाइन असं जे सुरू होतं ते बघताना अजूनही अंगावर काटा येतो.

डायरेक्टर मासाहिरो साकुराई यांनी नंतर निन्टेन्डो पॉवर मासिकाच्या मुलाखतीत सांगितलं की डेव्हलपमेंटच्या वेळीच हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तरी तो ठेवला, पण नवशिके आणि मुरलेले प्लेयर यांच्यातली दरी वाढते म्हणून २००८ च्या ब्रॉलमध्ये, म्हणजे मालिकेतल्या पुढच्या गेममध्ये, एअर डॉजची दिशाच काढून टाकली, शिवाय पळताना मधूनच अडखळून पडायचं, तेही नशिबावर. हे दुसरं मला आजही खुपतं, चांगलं खेळणाऱ्याला विनाकारण शिक्षा का?

मग प्लेयर्सनीच मनावर घेतलं. ब्रॉलवरच प्रोजेक्ट एम नावाचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी बदललेली आवृत्ती, बनला, त्यात वेव्हडॅश परत आला, ते काम २०१५ च्या डिसेंबरमध्ये थांबलं. मेली स्वतः २०१३ च्या इव्हो या फायटिंग गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत परत आला तो चॅरिटीसाठी पैसे जमवायची शर्यत जिंकून, रक्कम ९४ हजार डॉलर्सच्या वर गेली होती, आणि निन्टेन्डोने स्ट्रीम बंद करायला सांगितल्यावर एवढी बोंब झाली की त्याच दिवशी माघार घ्यावी लागली.

२०१७ च्या रायव्हल्स ऑफ ईथर या स्मॅशसारख्याच दुसऱ्या गेममध्ये तर डेव्हलपर्सनी वेव्हडॅश स्वतःहून ठेवला. २०१८ च्या स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटमध्ये एअर डॉजला दिशा परत मिळाली खरी, पण जमिनीला टेकल्यावर इतका वेळ अडकून पडायला होतं की मॅचमध्ये त्याच्या वाटेला फारसं कुणी जात नाही.