पंखा पाचवर, बोटं बर्फागत

ऑक्टोबरातली रात्र. भांडुपची आमची दुसऱ्या मजल्यावरची खोली, पंखा पाचवर, तरी गंजी अंगाला चिकटलेली. भाचा हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसला होता. वीसेक मिनिटांनी त्याने स्क्रीनवरची नजर न काढता डावा हात माझ्याकडे केला. "मामा, हात लावून बघ." बोटं गार होती. नुसती गार नव्हेत, ओली गार, फ्रिजमधून काढलेल्या काकडीसारखी. आमच्याकडे एसी नाही.

तो 'क्रायोस्टॅसिस' खेळत होता. युक्रेनमधल्या ॲक्शन फॉर्म्स या स्टुडिओने केलेला हा गेम 2008 च्या अखेरीस रशियात आला, बाहेर 2009 मध्ये. फारसा कुणी खेळला नाही. तेव्हाचे भले भले कॉम्प्युटर त्याच्यापुढे धापा टाकायचे, हे एक कारण. गोष्ट 1981 सालची. उत्तर ध्रुवाजवळ 'नॉर्थ विंड' नावाचं बर्फ फोडणारं अणुशक्तीचं जहाज गोठून पडलंय आणि नेस्तेरोव नावाचा हवामानतज्ज्ञ त्यात शिरतो. अंधारातून अंगावर येणारं कुणीतरी आहेच, पण खरी गंमत वेगळी आहे. या गेममध्ये 'लाइफ' म्हणजे शरीराची ऊब. मार बसला की ती कमी होते. पेटता दिवा किंवा गरम यंत्र दिसलं की नेस्तेरोव हात शेकतो आणि जीव परत येतो.

मुंबईकराला यातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक 7.4 अंश सेल्सिअस, तोही 22 जानेवारी 1962 चा. आपण वीस अंशांना कानटोपी घालणारी माणसं. पण भाच्याच्या बोटांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मराठीत भीतीला गारठ्याचे शब्द पूर्वीपासून आहेत. हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो, रक्त गोठतं. यातलं पहिलं अगदी मोजून दाखवता येतं. बोटांच्या टोकांत धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणाऱ्या आडवाटा असतात. त्या उघड्या असल्या की बोटांत भरपूर गरम रक्त खेळतं. थंडी वाजली की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे आपल्याला न विचारता काम करणारं मज्जातंतूंचं जाळं, त्या आवळते, कारण उघड्या बोटांतून ऊब वाया घालवण्यापेक्षा ती छातीपोटात राखलेली बरी. धोका दिसला तरी हीच संस्था जागी होते आणि त्याच आडवाटा आवळते. त्वचेकडचं रक्त आटतं, पळायला लागणाऱ्या स्नायूंकडचं वाढतं. बोटांना कारण कळत नाही. बाहेर बर्फ आहे की हेडफोनमध्ये पावलं वाजतायत, हुकूम एकच येतो.

अंगावरच्या काट्याचंही तसंच. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात आणि केस उभे राहतात. केसाळ प्राण्याला थंडीत याचा उपयोग, कारण उभ्या केसांत हवा अडकते आणि तीच गोधडी होते. कुत्रा समोर आला की मांजर त्याच युक्तीने दुप्पट दिसतं. आपली गोधडी गेली, स्नायू राहिले.

मग घाम कशाला? गार पडायचं तर घाम फुटायला नको. उन्हात घाम येतो तेव्हा त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुललेल्या असतात, म्हणून तो गरम लागतो. भीतीत त्या आवळलेल्या असतात आणि घामाच्या ग्रंथी मात्र सुरूच होतात. या ग्रंथींनाही अनुकंपी चेतातंतूच हलवतात, फक्त तिथला रासायनिक निरोप्या वेगळा. रक्त नसलेल्या त्वचेवर पाणी, म्हणजेच थंड घाम. तळहात आणि तळपाय यात सगळ्यांत पुढे असतात. ओलसर तळव्याची पकड चांगली बसते, म्हणून ही सोय असावी असा एक अंदाज आहे. आठ-अठराच्या लोकलचा दांडा धरताना मला तो पटत नाही, पण असो.

इथवरचं कुठल्याही भयकथेला लागू पडतं. 'क्रायोस्टॅसिस'ने आणखी एक तार छेडली असावी. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये 36 जणांना काही व्हिडिओ दाखवले. त्यांत कुणीतरी बर्फाच्या पाण्यात हात बुडवत होतं, कुणी गरम पाण्यात. बर्फाचे व्हिडिओ बघताना बघणाऱ्यांचेही हात किंचित गार झाले. फरक अंशाच्या छोट्याशा भागाएवढाच, पण मोजता येण्याजोगा. म्हणजे पडद्यावरच्या गारठलेल्या हाताची लागण होते, निदान थोडीशी. नेस्तेरोवचे थरथरणारे हात तासन्‌तास समोर असले की भीतीने आधीच आवळलेल्या बोटांत तीही भर पडत असेल, असा माझा तर्क. हा गेम कुणी प्रयोगशाळेत तपासल्याचं मला ठाऊक नाही.

त्या प्रयोगात एक गोष्ट उलट निघाली. गरम पाण्याचे व्हिडिओ बघून कुणाचे हात तसे तापले नाहीत. भाच्याने तेवढ्यात एक दिवा शोधला होता. नेस्तेरोव त्यावर हात शेकत होता, पडद्यावरचा ऊब दाखवणारा काटा भराभर वर चढत होता. मी पुन्हा बोटं चाचपली. तशीच गार. शेवटी बहिणीने चहाचा कप आणून त्याच्या हातात कोंबला आणि विचारलं, "हे काय रे, ताप आलाय का?"