द्रवाची बारीक धार

मोकळ्या हवेतून पडणारा द्रवाचा सडपातळ प्रवाह. तो तुटून थेंब होणार, अखंड राहणार की खाली पोचल्यावर वेटोळी घालणार, हे मुख्यतः पृष्ठताण (पृष्ठभाग आकसून ठेवणारी ओढ), श्यानता (वाहण्याला होणारा विरोध, म्हणजे दाटपणा) आणि उंची यांवर ठरते.

धारेवर तिच्या परिघापेक्षा लांब लहर उठली की ती वाढत जाते, हे बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी 1873 मध्ये मांडले. लहरीच्या अरुंद भागात दाब जास्त असतो. तिथला द्रव फुगीर भागाकडे ढकलला जातो आणि मान तुटते. सर्वांत झपाट्याने वाढणारी लहर व्यासाच्या सुमारे साडेचार पट लांब असते, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांचे गणित. त्यानुसार 1 मिमी जाडीच्या पाण्याच्या धारेचे थेंब साधारण 1.9 मिमीचे होतात.

धार मुळात निघण्यासाठीही वेग लागतो. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर गेला की घरोघरच्या कुलरमध्ये हे पाहायला मिळते. वरच्या नळीच्या भोकांत क्षार साचले, तर पाणी तोंडाशीच ठिबकते किंवा नळीच्या पोटाला चिकटून एका कडेला ओघळते. ताटीचा एक पट्टा कोरडा राहतो आणि तिथून गरम हवा आत येते. पंप बदलण्याआधी भोके तारेने मोकळी करून पाहावीत.

मध पाण्यापेक्षा हजारो पट दाट. लहरींची वाढ मंदावते, त्यामुळे तुटायच्या आत धार ताटलीत पोचते. खालचा मध तितक्या लवकर बाजूला सरत नाही. मागून येणारी धार दबून वाकते आणि गोल फिरू लागते. 5 ते 10 सेंमीवरून ओतल्यास वेटोळी स्पष्ट दिसतात. डिसेंबरात त्यांचा छोटा मनोरा उभा राहून ढासळतो. मेमध्ये तोच मध पातळ होतो आणि वळी लगेच मिसळून जातात.

सरकत्या पट्ट्यावर अशी धार सोडली, तर पट्टा जलद असताना सरळ रेघ पडते, मंद केल्यास नागमोडी, मग फासे. जिलेबीत पट्ट्याऐवजी हात फिरतो. हात रेंगाळला किंवा कापड तेलापासून फार उंच धरले, की पीठ स्वतःच घड्या घालते आणि वेढे एकमेकांना चिकटतात.

भेंडीच्या चिकाची तार टिकते ती ताणल्या जाणाऱ्या लांब रेणूंमुळे. पाकाची एकतारी परीक्षा मात्र श्यानतेचीच, म्हणून थेंब ताटलीत जरा गार करूनच बोटांत धरावा. गरम पाकाची तार लगेच तुटते. तो कच्चा समजून आणखी आटवला जातो आणि गार झाल्यावर त्याची साखर बनते.