ग्रंथालयाच्या तालिकेत लेख का सापडत नाहीत? : लेख-डेटाबेसची पार्श्वभूमी

महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या निव्वळ तालिकेत (कॅटलॉगमध्ये) एखाद्या संशोधन-लेखाचे शीर्षक टाकले, तर बहुधा काहीच हाती लागत नाही. लेख ज्या नियतकालिकात छापून आला त्याचे नाव टाकले, तर मात्र ते ग्रंथालयात येते की नाही आणि कोणत्या वर्षापासूनचे अंक आहेत, हे समजते. लेखच शोधायचा असेल, तर ‘डेटाबेस’ या वेगळ्या दालनात जावे लागते, तिथे पुन्हा लॉगिन करावे लागते, आणि त्यातही विषयागणिक डेटाबेस निराळे असतात. नवख्या विद्यार्थ्याला हा खटाटोप अनाकलनीय वाटतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. ही विभागणी कोणी विचारपूर्वक आखलेली नाही. लेखांची नोंद ठेवण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बऱ्याच अंशी ग्रंथालयांच्या हातून सुटले आणि पुढची व्यवस्था त्या वस्तुस्थितीवर उभी राहत गेली.

संशोधनपत्रिकांचा आरंभ १६६५ मधला. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये ‘जूर्नाल दे सावां’ आणि मार्चमध्ये लंडनमध्ये हेन्री ओल्डनबर्ग यांनी काढलेले ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ प्रसिद्ध झाले. नियतकालिके मोजकी होती तोवर प्रत्येक खंडाच्या शेवटी जोडलेल्या सूचीवर काम भागत असे. ग्रंथपाल तालिकेत नियतकालिकाच्या नावाची एक नोंद करी आणि आतल्या शेकडो लेखांची जबाबदारी वाचकावर सोडून देई. ही सवय पुढे महागात पडली. एकोणिसाव्या शतकात नियतकालिकांची संख्या भराभर वाढली आणि कपाटे भरून बांधीव खंड असूनही त्यांत काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशी अवस्था झाली.

अमेरिकेतील येल येथे विद्यार्थी-मंडळाच्या ग्रंथालयाचे काम पाहणारे विल्यम फ्रेडरिक पूल यांनी, स्वतः विद्यार्थी असतानाच, या खंडांचा विषयवार निर्देश (इंडेक्स) तयार केला. तो १८४८ मध्ये छापला गेला आणि १८५३ मध्ये त्याची मोठी आवृत्ती निघाली. त्यापुढचे काम एका माणसाच्या आवाक्यातले नव्हते. १८७६ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली, तेव्हा पूल यांनी सहकाराची योजना मांडली : प्रत्येक ग्रंथालयाने वाटून दिलेली नियतकालिके चाळावीत, नोंदी करून पाठवाव्यात आणि त्या एकत्र लावल्या जाव्यात. यातून १८८२ ची आवृत्ती सिद्ध झाली. आजच्या मापाने ती अपुरीच होती. लेखकाच्या नावावरून शोध घेण्याची तीत सोय नव्हती आणि नोंदीत खंड व पान असले, तरी वर्ष दिलेले नसे. तरीही ग्रंथालयांनी एकमेकांत वाटून घेतलेले हे काम, वरचेवर अद्ययावत ठेवता आले असते, तर लेखांचा निर्देश कदाचित ग्रंथालयांचाच राहिला असता.

तसे घडले नाही, कारण निर्देशाला सातत्य लागते आणि सातत्याला भांडवल. ती बाजू हॅल्सी विल्यम विल्सन या पुस्तकविक्रेत्याने सांभाळली. त्यांनी १९०१ मध्ये सुरू केलेल्या ‘रीडर्स गाइड’मागे एक साधी छपाईची युक्ती होती. लायनोटाइप या अक्षरजुळणीच्या यंत्रावर ओतलेल्या प्रत्येक नोंदीच्या धातूच्या ओळी वितळवून न टाकता जपून ठेवायच्या, नव्या नोंदींच्या ओळी त्यांत वर्णानुक्रमे सरकवायच्या आणि पुन्हा एकत्रित सूची छापायची. त्यामुळे वाचकाला दर महिन्याचा अंक वेगवेगळा उलटावा लागत नसे. विल्सन यांनी दुसरी प्रथा पाडली ती आकारणीची. सर्वांना एकच किंमत न लावता ग्रंथालयाला होणारा उपयोग पाहून रक्कम ठरवली जाई. आज महाविद्यालयाच्या विद्यार्थिसंख्येवरून डेटाबेसची वर्गणी ठरते, त्यामागेही असाच विचार आहे.

विज्ञानशाखांत हेच काम विषयवार झाले. जॉन शॉ बिलिंग्ज यांचा वैद्यकातील ‘इंडेक्स मेडिकस’ १८७९ मध्ये आणि रसायनशास्त्रातील ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ १९०७ मध्ये सुरू झाला. प्रत्येक विषयाने आपापली शीर्षके ठरवली, आणि शोधाच्या पानावर ‘विषयशीर्षक’ नावाचा जो वेगळा पर्याय दिसतो तो तिथूनच आला. वैद्यकीय लेखांसाठी १९६० मध्ये ‘मेश’ हा नियंत्रित शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ‘हार्ट अटॅक’ या विषयावरचा लेख ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या एकाच शीर्षकाखाली नोंदवला जातो, मग लेखकाने शीर्षकात कोणताही शब्द वापरलेला असो. हे काम माणसाने लेख वाचून करायचे असे, म्हणून ते खर्चिक होते. पण अशा शीर्षकाने घेतलेला शोध नुसत्या शब्दांनी घेतलेल्या शोधापेक्षा नेमका का ठरतो, याचे उत्तरही त्यातच आहे. अनेक विद्यार्थी हा पर्याय उघडूनसुद्धा पाहत नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते.

विषयाला बगल देऊन लेख शोधण्याचा मार्ग युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचवला. अमेरिकन वकील १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ वापरत होते आणि एखाद्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या निवाड्यांत घेतला गेला, हे त्यात पाहता येई. हीच रीत संशोधन-लेखांना लावून १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. एक चांगला लेख सापडला की त्याचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या लेखांकडे जाता येणे, ही आजच्या डेटाबेसमधली फार उपयोगी सोय त्याची देणगी आहे.

त्याच वर्षी ‘इंडेक्स मेडिकस’च्या नोंदी संगणकावर गेल्या, परंतु मागणी नोंदवल्यापासून उत्तर मिळेपर्यंत आठवडे जात. संगणकाशी थेट जोडून घेऊन लेख शोधण्याची सोय १९७० च्या दशकात आली. १९७१ मध्ये वैद्यकीय लेखांसाठी ‘मेडलाइन’ सुरू झाले आणि १९७२ मध्ये लॉकहीड कंपनीने रॉजर समिट यांच्या पुढाकाराने उभारलेले ‘डायलॉग’ हे अनेक डेटाबेस शोधून देणारे केंद्र व्यापारी तत्त्वावर खुले झाले. दूरध्वनीवरून संगणकाशी जोडून घ्यायचे आणि जोडणीच्या वेळेनुसार पैसे मोजायचे, असा व्यवहार होता. म्हणून शोध वाचक घेत नसे, प्रशिक्षित ग्रंथपाल घेई. तो आधी वाचकाशी बोलून प्रश्नाचे भाग पाडी, प्रत्येक भागाचे समानार्थी शब्द ‘ऑर’ने (किंवा) आणि भाग परस्परांशी ‘अँड’ने (आणि) जोडी, हे सगळे कागदावर लिहून काढी आणि मगच जोडणी घेई. यंत्र प्रत्येक पायरीला एस-१, एस-२ असा क्रमांक देई आणि पुढच्या पायरीत ते क्रमांक जोडता येत. शोधाच्या इतिहासातील असे क्रमांक काही डेटाबेसमध्ये आजही दिसतात. मिनिटांचा हिशेब संपला, परंतु त्या हिशेबाने लावलेली शिस्त प्रगत शोधाच्या पानावर तीन ओळींच्या रूपाने टिकून आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीडी-रॉमवर डेटाबेस मिळू लागले आणि वाचक प्रथमच स्वतः कळफलकासमोर बसला. मात्र त्यांपैकी बहुतेकांत नोंद आणि गोषवाराच मिळे, लेखासाठी पुन्हा कपाटाकडे जावे लागे. पूर्ण लेख पडद्यावर येणे हे १९९० च्या दशकातले. १९९५ मध्ये मेलन प्रतिष्ठानच्या पाठबळाने उभी राहिलेली ‘जेस्टोर’ ही नियतकालिकांचे जुने अंक संगणकावर उपलब्ध करून देणारी संस्था, जुन्या अंकांनी अडलेली ग्रंथालयांची जागा मोकळी व्हावी, या विचारातून निघाली.

इथे मालकीचा प्रश्न पालटला. छापील निर्देश विकत घेतला की तो ग्रंथालयाचा होई, वर्गणी बंद केली तरी जुने खंड कपाटात राहत. वेबवरील डेटाबेस बहुधा परवान्याने मिळतो आणि परवाना फक्त त्या महाविद्यालयाच्या सभासदांपुरता असतो. सभासद ओळखायचे कसे, यावर सुचलेला सोपा उपाय म्हणजे आवारातील संगणकांचे आयपी पत्ते (इंटरनेटवरील ओळख-क्रमांक) प्रकाशकाला कळवणे. घरून काम करणारा वाचक मात्र त्यामुळे बाहेर राहिला. १९९९ मध्ये आलेल्या ‘ईझीप्रॉक्सी’सारख्या प्रणालीने त्याची सोय केली : वाचक ग्रंथालयात लॉगिन करतो, ग्रंथालयाचा सर्व्हर त्याच्या वतीने प्रकाशकाकडे जातो आणि प्रकाशकाला ती मागणी आवारातूनच आल्यासारखी दिसते. अशा वेळी पत्त्याच्या पट्टीत प्रकाशकाच्या नावाला महाविद्यालयाचे नाव जोडलेले दिसते. ते नसेल तर लेखाऐवजी बहुधा पैसे भरण्याचे पान उघडते.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘गूगल स्कॉलर’ आले आणि सगळे लेख एकाच चौकटीत शोधण्याची सवय लागली. ग्रंथालयांसाठी त्याला उत्तर म्हणून २००९ मध्ये ‘समन’ ही सेवा आली, पाठोपाठ तशाच इतर सेवा आल्या, आणि पुस्तकांच्या तालिकेतील नोंदी व लेखांच्या नोंदी एका निर्देशात एकत्र शोधता येऊ लागल्या. परंतु या नोंदी ज्यांच्याकडे आहेत ते प्रकाशक आणि डेटाबेस-कंपन्या परस्परांचे स्पर्धकही आहेत, आणि कोणी कोणाला काय द्यावे यावर त्यांच्यात वाद झाले. विषयशीर्षके आणि गोषवारे ही डेटाबेस-कंपन्यांची खरी मत्ता असल्याने ती या सामाईक निर्देशात नेहमीच पूर्णपणे येत नाहीत. त्यामुळे सामाईक चौकटीत घेतलेला शोध आरंभासाठी पुरेसा असला, तरी प्रबंधासाठी विषयाचा स्वतंत्र डेटाबेस उघडण्याचा सल्ला ग्रंथपाल अजूनही देतात.