फुलांची तंबाखू, खत आणि आठ इलेक्ट्रॉन

कुंडीतल्या झाडाला फुलं येत नाहीत म्हटलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला: खत वाढवा. मग केळीच्या सालीचं पाणी, मोहरीच्या पेंडीचं आंबवण, ताक-गूळ, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओतला 'एक चमचा टाका, पंधरा दिवसांत झाड लगडेल' हा चमत्कार. थंडीत हौसेने लावलेली फुलांची तंबाखू, म्हणजे बियांच्या पाकिटावरची निकोटियाना, या सल्ल्याला हमखास बळी पडते. पानं तळहाताएवढी होतात, गर्द हिरवी दिसतात, आणि फुलांच्या दांड्याचा पत्ता नसतो. यातली गंमत अशी की झाड खताचं आत नेमकं काय करतं, हे विज्ञानाला शिकवणाऱ्या झाडांत तंबाखूचं कुळ पहिल्या रांगेत आहे.

बागेत प्रामुख्याने तिघी दिसतात. निकोटियाना अलाटा मूळची ब्राझील, पॅराग्वे, उरुग्वे, अर्जेंटिना या पट्ट्यातली. हिची लांब नळीची फिकी फुलं संध्याकाळी उघडतात, वास सोडतात आणि लांब सोंडेच्या पतंगांना बोलावतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सँडर यांच्या नर्सरीने तिचा निकोटियाना फॉरजेटियानाशी संकर केला. लाल-गुलाबी फुलांच्या बुटक्या जाती मुख्यतः त्या घराण्यातल्या. तिसरी सिल्व्हेस्ट्रिस, पुरुषभर वाढणारी, पांढऱ्या फुलांचे झुबके लोंबवणारी. ओढायच्या-चघळायच्या तंबाखूच्या दोन पूर्वजांपैकी ही एक. कुळ वांगी-मिरची-टोमॅटोचंच. त्यामुळे निचऱ्याची माती, त्यात चतुर्थांश शेणखत किंवा गांडूळखत, आणि भरपूर ऊन, एवढं मिळालं की निम्मं काम झालं.

आता खताकडे. खताला आपण झाडाचं 'जेवण' म्हणतो, पण तो फार तर कच्चा तांदूळ आहे. शिजवायला लागणारी आच झाडाला उन्हातून मिळते. नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, उदाहरण घेऊ. युरिया घाला, पेंड घाला की शेणखत, जमिनीतले जिवाणू त्यातल्या नत्राचा आधी अमोनियम आणि मग बराचसा नायट्रेट करतात. मुळाच्या दारात पोचलेला नायट्रेट 'सेंद्रिय' गोणीतला की 'रासायनिक' हे मुळाला ओळखता येत नाही, कारण दोन्ही आयन तंतोतंत सारखे असतात. (शेणखताने माती भुसभुशीत होते, पाणी धरते, तो फायदा वेगळा आणि खरा आहे.)

मूळ हा नायट्रेट ऊर्जा खर्चून आत ओढतं आणि पाण्याबरोबर पानाकडे पाठवतं. पण नायट्रेट जसाच्या तसा निरुपयोगी. त्यात नायट्रोजनला तीन ऑक्सिजन चिकटलेले असतात. प्रथिनं बनवायची तर ते काढून तिथे हायड्रोजन बसवावे लागतात, म्हणजे नायट्रोजनच्या एकेका अणूला आठ इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात. हे काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात नायट्रेट रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) दोन इलेक्ट्रॉन देऊन नायट्रेटचा नायट्राइट करतं. या विकराच्या गाभ्यात मॉलिब्डेनम या धातूचा अणू असतो. एवढ्याशा मॉलिब्डेनमवाचून झाडाचं अडतं, ते इथे. दुसरा टप्पा हरितलवकात. तिथे नायट्राइट रिडक्टेज उरलेले सहा इलेक्ट्रॉन देतं, आणि पानात ते इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन या प्रथिनाकडून येतात, ज्याला ते उन्हाने पुरवलेले असतात.

इथे पेच आहे. पहिला टप्पा अंधारातही चालू शकतो, दुसऱ्याला पानात ऊन लागतं. अंधारात पहिला चालू राहिला तर नायट्राइट साचेल, आणि नायट्राइट पेशीला विषारी. म्हणून ऊन गेलं की काही मिनिटांत झाड नायट्रेट रिडक्टेजच्या साखळीतल्या एका ठराविक सेरीनवर (हे एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चिकटवतं. त्या फॉस्फेटला ओळखून '१४-३-३' असं विचित्र नाव असलेलं प्रथिन येऊन विकराला धरून बसतं आणि काम थांबतं. सकाळी फॉस्फेट निघतो, काम पुन्हा सुरू. ही केवळ कल्पना नाही. संशोधकांनी तंबाखूच्या या विकरातला नेमका तो सेरीन बदलला, थांबवायची सोयच काढून टाकली, तेव्हा पानं आणि मुळं नायट्राइट बाहेर टाकू लागली, शिवाय नायट्रिक ऑक्साइड वायूही सुटू लागला.

हे विकर नसलेली झाडं शोधायची युक्ती तर मला फारच आवडते. क्लोरेट हा नायट्रेटसारखा दिसणारा आयन. विकर फसतं, त्याचा क्लोराइट करतं, आणि क्लोराइटने पेशी मरते. म्हणजे तंबाखूच्या लाखो पेशी क्लोरेटमध्ये वाढवल्या तर ज्यांच्यात हे विकर चालतं त्या मरतात आणि ज्यांच्यात ते बिघडलेलं आहे त्या तरतात. १९७८ मध्ये जर्मनीत मुलर आणि ग्राफे यांनी याच रीतीने नायट्रेट न वापरता येणाऱ्या तंबाखूच्या पेशी मिळवल्या. त्यांतल्या काहींमध्ये खोट विकरात नव्हतीच, तर मॉलिब्डेनमला जागेवर धरून ठेवणाऱ्या रेणूत होती. पुढे हेच काम निकोटियाना प्लंबॅजिनिफोलिया या जातीवर भरपूर झालं. मूळची अमेरिका खंडातली ही जात आपल्याकडे पडीक जागी, बांधावर तण म्हणून उगवते आणि कोणी ढुंकून पाहत नाही.

कुंडीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. झाड खत किती वापरेल हे चमच्यावर नाही, उन्हावर ठरतं. ढगाळ आठवडा, उत्तरेकडची बाल्कनी, समोर उंच इमारत, अशा वेळी घातलेला नायट्रेट पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशवीत, नुसता पडून राहतो, नाहीतर पाण्याबरोबर कुंडीच्या भोकातून वाहून जातो. 'दर रविवारी खत' या नियमाला झाडाच्या लेखी काही अर्थ नाही.

मग भरपूर ऊन आहे आणि भरपूर नत्रही घातला, तर? मग पानं. निपाणी-चिकोडी भागातल्या बिडीच्या तंबाखूच्या शेतकऱ्याला हेच हवं असतं. तो नत्र हात राखून देत नाही, आणि फुलाचा शेंडा दिसला की खुडतो, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो आणि निकोटीनही वाढतं. निकोटीनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, वजनाने सुमारे १७ टक्के. ते पानात सापडत असलं तरी तयार मुळांत होतं. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचा शेंडा कलम केला तर टोमॅटोच्या पानांतही निकोटीन उतरतं. फुलांसाठी झाड लावणाऱ्याने या शेतकऱ्याच्या बरोबर उलट वागायचं असतं, पण खताच्या पिशवीला ते कुठून कळणार!

शिवाय फुलांचा दांडा कधी वर काढायचा हा झाडाचा निर्णय पुष्कळदा खतापाशी नसतोच. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांच्याकडे 'मेरीलँड मॅमथ' नावाची तंबाखू होती. उन्हाळ्यात ती शेतात नुसती उंच वाढायची, फुलायची नाही. थंडीत काचघरात मात्र लहानपणीच फुलायची. कारण निघालं दिवसाची लांबी. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि वनस्पतिशास्त्रात एक नवं दालन उघडलं. सिल्व्हेस्ट्रिस याच्या उलट, तिला मोठा दिवस लागतो. पुण्यात डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा. तेव्हा ती पानांचा गुच्छ करून जमिनीलगत बसली तर तिला बूस्टर पाजू नका, उन्हाळ्याकडे दिवस वाढेपर्यंत थांबा. थंडीतच फुलं हवी असतील तर संकरित बुटक्या जाती निवडलेल्या बऱ्या.

आता प्रमाण. रोप कुंडीत रुजून नवी पानं फेकू लागलं की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, तेही माती आधी ओली करून. ऊन कमी असेल तर अर्ध्या ग्रॅमवर या. पिशवीवरचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. नत्र खरोखर १९ टक्के असतं, पण स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात मोजायची जुनी रीत आहे, त्यामुळे प्रत्यक्षात फॉस्फरस सुमारे ८ टक्के आणि पोटॅशियम सुमारे १६ टक्केच भरतं. दांडा दिसला की १३:००:४५ वर जा, तेवढ्याच पातळ प्रमाणात. कुंडीच्या काठाला पांढरे क्षार दिसले तर खत थांबवून दोन-तीनदा भरपूर पाणी निथळू द्या. केळीच्या सालीत पोटॅशियम असतं हे खरं, पण साल भिजवलेल्या पाण्यात नत्र नगण्य. चिलटं मात्र भरपूर येतात.

शेवटी पिवळेपणाबद्दल, कारण तिथे चुकीचं खत सर्वाधिक पडतं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाचा प्रश्न, बहुधा पाणी जास्त झालेलं किंवा माती चुनखडीची. पण पानावर फिका-गर्द हिरवा चट्ट्यापट्ट्यांचा नक्षा उठला आणि पान चुरगळल्यासारखं झालं, तर ती नजर लागलेली नाही, आणि लिंबू-मिरची टांगून किंवा मॅग्नेशियम फवारून ती जाणारही नाही. तो तंबाखूचा मोझॅक विषाणू असण्याचा संभव मोठा. डच शास्त्रज्ञ बेयरिंक यांनी १८९८ मध्ये ज्याला जिवाणूहून वेगळं काहीतरी म्हणून ओळखलं, तोच हा. वाळवलेल्या तंबाखूतही तो टिकून राहतो आणि हातांवरून पसरतो. असं झाड उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि शेजारच्या टोमॅटोला शिवण्याआधी हात साबणाने धुवा. घरात कोणी तंबाखू मळत असेल तर पाणी घालायचं काम त्यांच्याकडे देऊ नका.